पाठराखीण

"सत्तावीस," बॅरन म्हणाले. "हातमोजे."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. सकाळचे साडेनऊ झाले होते. आठ वाजल्यापासून आम्ही त्या लांबलचक टेबलाशी बसून होतो. माझ्यापुढे खारवलेला गार मासा आणि काळ्या पावाची कडक चकती होती. शेजारी माझी भाची कालिंदी, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या हुशार मुलीसारखी ताठ बसली होती. समोर बॅरन स्टेर्नफेल्ट. राजवाड्याचे दरबारी कारभारी. साठी उलटलेला माणूस, पाठीला फळी बांधल्यासारखा सरळ, आणि हातात कातडी फोल्डर. त्या फोल्डरमध्ये सत्तेचाळीस कलमांची यादी होती.

"चर्चमध्ये शिरताना दोन्ही हातांत हातमोजे असावेत," त्यांनी वाचलं. "पाहुण्यांशी हस्तांदोलन करताना उजवा काढायचा. राजेसाहेबांशी करताना काढायचा नाही. काढलेला मोजा डाव्या हातात धरायचा, बोटं खाली."

"चालेल," कालिंदी म्हणाली.

"बोटं कुणाची खाली?" मी विचारलं. "मोज्याची की हाताची?"

बॅरननी कागदात पाहिलं. "मोज्याची, मॅडम."

"आणि वर राहिली तर?"

त्यांनी खरोखर विचार केला. "तसं आजवर झालेलं नाही," ते म्हणाले आणि अठ्ठाविसाव्या कलमाकडे वळले.

ही गोष्ट १९७५च्या मार्चमधली. तो देश उत्तरेकडचा, समुद्रकाठचा, सहा महिने गारठलेला, एवढंच सांगते. नाव सांगत नाही, कारण ते राजघराणं अजून आहे आणि यातली काही माणसं हयात आहेत. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. साताऱ्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवत होते. अर्धं आयुष्य नकाशावर काठी ठेवून मी पोरींना 'हा समुद्र गोठतो' असं सांगितलं होतं. त्या समुद्राच्या काठी बसून गार मासा खावा लागेल हे मात्र माझ्या कुंडलीत कुणी पाहिलं नव्हतं.

कालिंदी माझ्या थोरल्या भावाची मुलगी. आम्ही वेळगावकर. जहागीर गेली, मानमरातब गेला, 'सरदार' ही उपाधी तेवढी लग्नपत्रिकेवर छापण्यापुरती उरली. कालिंदी लहानपणापासून भांडखोर. चटणीत लसूण किती घालायचा इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत कशावरही वाद घालायची. सरदारांच्या मुलीनं गुरांचा डॉक्टर व्हायचं म्हटल्यावर घरात चार महिने अबोला होता, पण ती मुंबईला गेली आणि वर्गात एकटी मुलगी असून पहिली आली. मग शिष्यवृत्तीवर ती या देशात आली, गाईंच्या कसल्याशा रोगाचा अभ्यास करायला. तिथं एका गोठ्यात एक गाय अडली होती. आठ तास झगडून हिनं ती सोडवली. गोठ्याचा मालक तिच्याबरोबर आठ तास कंदील धरून उभा होता. तो राजाचा पुतण्या निघाला. आक्सेल त्याचं नाव. गादीच्या रांगेत पाचवा की सहावा. उंच, लाल कानांचा, चांगला मुलगा. अगदी खरं सांगायचं तर जरा भाबडा.

लग्न तिकडेच व्हायचं ठरलं. दादासाहेबांना, म्हणजे माझ्या भावाला, डिसेंबरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी जिन्याचीसुद्धा बंदी केलेली, विमानाचं नावच नको. वहिनीसाहेब त्यांना सोडून निघेनात. घरातलं कुणीतरी महिनाभर आधी पोरीबरोबर जायला हवं होतं. नवरीबरोबर पाठराखीण जाते तसं.

"पाठराखीण नांदती, लेकुरवाळी लागते," वहिनीसाहेब आत म्हणाल्या. त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू यावा एवढा मोठा होता. "सासर टाकून आलेल्या बाईला कुणी पाठवतं का?"

"येतील तर आत्यासाहेबच येतील," कालिंदी म्हणाली. "नाहीतर मी एकटी जाते."

मला वाटलं, माझं इंग्रजी कामाला येईल म्हणून म्हणत असेल. थोडं असंही वाटलं, की पोरीचा माझ्यावर जीव आहे. बाईला कुणी आपणहून निवडलं की ती हुरळतेच. दादासाहेबांनी वडिलांच्या जागी सह्या करायचं मुखत्यारपत्र माझ्या नावानं करून दिलं आणि मी दोन लोकरी शाली, एक लोणच्याची बरणी घेऊन विमानात बसले.

तिथं पोचल्यावर आठवडाभरात माझ्या लक्षात आलं, की ही आमची कालिंदी नव्हेच. ही कुणीतरी दुसरीच मुलगी होती, जिला एकच शब्द येत होता.

बॅरन म्हणाले, कालिंदी हे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, तेव्हा राजपत्रात कारोलिना लिहावं. चालेल. मंगळसूत्र दरबारी पोशाखात दिसू नये. चालेल. राजकन्या नोकरी करत नाही, तेव्हा इथल्या गुरांच्या दवाखान्यातल्या नोकरीचा राजीनामा लग्नाआधी द्यावा. चालेल. एकतिसाव्या कलमाला त्यांनी राजघराण्याच्या स्मशानाचा नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीनं एक चौकोन दाखवला.

"हे काय?" मी विचारलं.

"हर हायनेसची जागा," ते म्हणाले. "प्रिन्सच्या डाव्या बाजूला. सावली चांगली आहे."

"अहो, तिचं लग्न आहे पुढच्या महिन्यात."

"जागा आधी नोंदवावी लागते, मॅडम."

"चालेल," कालिंदी म्हणाली. नकाशाकडे तिनं वाकून पाहिलंसुद्धा नाही.

खोलीत आल्यावर मी दार लावलं. "तुला काय झालंय?" मी म्हटलं. "घरी लसणावरून महाभारत करतेस आणि इथं स्वतःच्या थडग्याला मान हलवतेस?"

"भांडून काय मिळणार, आत्यासाहेब?"

"हे तू म्हणतेस? तू?"

ती हसली आणि केस विंचरायला लागली. मला तिचा कंगवा हिसकावून घ्यावासा वाटला. प्रेमात पडलेल्या मुली मऊ होतात हे मी ऐकलं होतं, पण एवढी लोण्यासारखी?

एकदा मात्र जुनी कालिंदी दिसली. लग्नाला दहा-बारा दिवस होते. आक्सेलची आई, प्रिन्सेस सिग्ने, हिनं आम्हाला तिचे घोडे दाखवायला नेलं. विधवा बाई, पासष्टीची, कमी बोलणारी. बोलली की खोलीतली उष्णता दोन अंशांनी उतरायची. तबेल्यात एक घोडी पोटात कळ येऊन सारखी जमिनीवर लोळत होती. मोतद्दार दोन्ही बाजूंनी लगाम धरून नुसते ओरडत होते. कालिंदीनं हातमोजे काढून माझ्या हातात कोंबले, रेशमी बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि थेट आत शिरली. घोडीच्या पोटाला कान लावला. दोन शब्दांत मोतद्दारांना कामाला लावलं. दोन तास ती घोडीला फिरवत होती, पोट चोळत होती, तिच्या कानाशी मराठीत बोलत होती. "ऊठ गं बाई. बसू नकोस. चल, चल." घोडी सावरली तेव्हा कालिंदीच्या कपड्यांना शेण लागलं होतं आणि तोंड नुसतं उजळलं होतं.

प्रिन्सेस सिग्ने दाराशी उभी राहून पाहत होती. "हे आता शेवटचं," ती म्हणाली.

मी कालिंदीकडे पाहिलं. म्हटलं, आता बोलेल. हिच्या आयुष्याचा गाभाच हा आहे, आता तरी बोलेल.

"हो," कालिंदी म्हणाली. "चालेल."

परत येताना गाडीत मी तिचे हातमोजे तिच्या मांडीवर टाकले आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

लग्नाला सहा दिवस राहिले तेव्हा करारावर सह्या करायचा दिवस आला. राजवाड्यातल्या एका लहान दालनात सगळे जमले. बॅरन, आक्सेल, त्याची आई, राजघराण्याचे वकील, कालिंदी आणि मी. त्या घराण्याचा जुना नियम असा, की वधूच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची सही असल्याशिवाय करार पुरा होत नाही. बॅरननी माझ्यापुढे इंग्रजी तर्जुम्याची अकरा पानं ठेवली आणि पेन ठेवलं.

"प्रत्येक पानाच्या खाली, मॅडम."

"वाचून करते," मी म्हटलं.

खोलीत जरा चुळबुळ झाली. वकिलांनी घड्याळ पाहिलं. मी पिशवीतून लाल पेन्सिल काढली. वीस वर्षं पेपर तपासल्यामुळे मला लाल पेन्सिलीशिवाय वाचताच येत नाही. पहिल्या आठ पानांत पदव्या, मान, बसायच्या जागा, कुणाच्या मागं कुणी चालायचं, हेच सगळं. नवव्या पानावर नववं कलम होतं. पती-पत्नी विभक्त झाल्यास, किंवा पतीच्या मृत्यूनंतर पत्नीनं देश सोडल्यास, या विवाहातून झालेली मुलं राजघराण्याच्या ताब्यात राहतील. आईला त्यांना कधी भेटता येईल ते राजेसाहेबांच्या मर्जीवर.

मी ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यावर एक लाल रेघ ओढली.

"मॅडम?" बॅरन पुढे वाकले.

"हे काढा."

"ते काढता येत नाही. दीडशे वर्षं ते प्रत्येक करारात आहे. केवळ औपचारिकता. आजवर वापरायची वेळ आलेली नाही."

"मग काढायला काय हरकत आहे?"

"वापरलेलंच नाही, मग काढायचं कारण काय, मॅडम?"

आक्सेल उठून माझ्याजवळ आला. त्याचे कान आणखी लाल झाले होते. "आट्या," तो म्हणाला. त्याला 'त' जमत नसे. "मी असं कधीच करणार नाही. तुम्ही मला ओळखता."

"ओळखते. तू करणार नाहीस हे मला माहीत आहे. मग कागद कशाला?"

त्यानं आईकडे पाहिलं.

"मी एकोणीस वर्षांची असताना यावर सही केली," प्रिन्सेस सिग्ने म्हणाली. ती स्वतः बाहेरूनच आलेली, कुठल्याशा उमरावाची मुलगी. "माझ्या वडिलांनीही केली. माझ्या आधी माझ्या सासूनं केली. कुणी तक्रार केली नाही."

"तुम्ही वाचलं होतंत?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला तिचं वजन विचारलं होतं. "वाचायची पद्धत नव्हती," ती म्हणाली.

मी कालिंदीकडे वळले. ती खिडकीकडे पाहत होती. "कालिंदी, तू बोल. पोरं तुझी होणार आहेत. तू सांग यांना."

"मला चालेल, आत्यासाहेब," ती मराठीत म्हणाली.

इतके दिवस साचलेला संताप उफाळून आला. पण मी शाळेत शिकवणारी बाई. वर्गात फार राग आला की माझा आवाज चढत नाही, खाली उतरतो.

"तुला चालेल," मी म्हटलं. "मला चालणार नाही." मग मी इंग्रजीत बॅरनना म्हटलं, "मला एक मुलगा आहे."

हे मी कुणाला सांगत नसे. शाळेत माहीत नव्हतं, शेजारी माहीत नव्हतं. त्या खोलीत, चार परक्या माणसांपुढे, ते तोंडातून बाहेर पडलं.

"तो चोवीस वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना मी एका कागदावर सही केली. मलाही तेव्हा सांगितलं होतं, की ही नुसती औपचारिकता आहे, पोर लहान आहे, तुझ्याकडे येत-जात राहील. एकवीस वर्षांत मी त्याला चार वेळा पाहिलं. चौथ्या वेळी तो एका लग्नात भेटला. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, आपण कुठून आलात?"

वकिलांनी आपली पानं उगाच सारखी केली.

"तेव्हा मी सही करत नाही," मी म्हटलं. लाल पेन्सिल पिशवीत टाकली, शाल सावरली आणि बाहेर आले.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार वाईट दिवस. मला जेवण खोलीत यायला लागलं. आणणारी बाई ताट ठेवून मान खाली घालून जाई. बॅरननी साताऱ्याला तार केली असावी, कारण दुसऱ्या दिवशी दादासाहेबांची तार आली. 'सही कर. घराण्याची अब्रू आहे. दादासाहेब.' मुखत्यारपत्र दुसऱ्याच्या नावानं करून पाठवायचं तर टपालाला आठवडा लागला असता आणि लग्न पाच दिवसांवर होतं. म्हणजे माझ्याशिवाय त्यांचं अडलेलं होतं. हे मला कळत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती. पोरीचं लग्न मी मोडत होते. माझं मोडलं म्हणून तिचंही मोडतेय, असं वहिनीसाहेब आयुष्यभर म्हणणार. कदाचित ते खरंही असेल.

कालिंदी दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा तिनं विचारलं, "जेवलात का?" दुसऱ्यांदा नुसती माझ्या पलंगाच्या कडेला बसली. माझी बाजू घेतली नाही, मला दोषही दिला नाही. मला ते त्या दोन्हींपेक्षा जास्त टोचलं. "अगं, एकदा तरी रागव माझ्यावर," मी म्हटलं. तिनं माझ्या पायावरची शाल नीट केली आणि निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बॅरन आले. नेहमीप्रमाणे दारावर दोनदा टकटक, मग तीन पावलं आत. चेहरा काल कुणाला पोचवून आल्यासारखा.

"प्रिन्स आक्सेल काल राजेसाहेबांना भेटले," ते म्हणाले. "प्रिन्सेस सिग्नेही त्यांच्याबरोबर गेल्या होत्या."

"त्या?"

"त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. चाळीस मिनिटं आत होत्या." त्यांनी फोल्डर उघडला. अकराऐवजी दहा पानं होती. नववं कलम नव्हतं. नवव्या क्रमांकाला आता पायघड्यांचा मजकूर होता.

मी प्रत्येक पान वाचलं आणि दहाच्या दहा पानांवर सही केली. बॅरननी टीपकागदानं शाई टिपली. मग घसा साफ करून म्हणाले, "आणखी एक गोष्ट, मॅडम. चर्चमधली आपली जागा बदलली आहे."

पहिल्या रांगेतून मला चौदाव्या रांगेत पाठवलं होतं. तिथं एक दगडी खांब होता. माझ्या भाचीचं लग्न मी त्या खांबाच्या डाव्या अंगानं मान वाकडी करून पाहिलं. मला तिच्या पदराचं टोक, आक्सेलचा एक लाल कान आणि पाद्र्याचा हात दिसला. वर्तमानपत्रात छापून आलं, की वधूच्या आत्याची प्रकृती बरी नसल्यानं त्या समारंभात मागं बसल्या होत्या. राजघराण्याच्या छायाचित्रात मी नाही. आजही त्या दरबारात माझा उल्लेख निघाला तर 'ती विचित्र आत्या' असा निघतो म्हणतात.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी माझं विमान होतं. कालिंदी मला सोडायला विमानतळावर आली. बरोबर बॅरननी धाडलेली एक बाई होती. कालिंदीनं तिला कॉफी आणायला पाठवलं आणि आम्ही काचेशी उभ्या राहिलो. बाहेर धावपट्टीवरचं बर्फ खरवडत एक गाडी चालली होती.

"आत्यासाहेब, रागावणार नाही ना?"

"आता काय शिल्लक ठेवलंयस?"

"ते नववं कलम मला ऑक्टोबरातच माहीत होतं," ती म्हणाली. "आक्सेलच्या एका चुलतबहिणीनं सांगितलं होतं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी नाही म्हटलं असतं, तर मी आयुष्यभर त्यांच्या घरातली तंटेखोर बाई झाले असते. प्रत्येक जेवणाला, प्रत्येक वाढदिवसाला त्यांनी मला ते आठवून दिलं असतं. मला इथं राहायचंय. तुम्ही परत जाणार होतात." ती एका दमात बोलत होती, जणू पाठ करून आली होती. "म्हणून बाकी सगळ्याला हो म्हटलं. सत्तेचाळीस गोष्टींना हो म्हणणारी मुलगी भांडकुदळ कशी असेल? मग तुमचं एक नाही त्यांना ऐकावंच लागलं."

"म्हणजे मला आणलंस ते यासाठी."

"हो."

"इंग्रजीसाठी नाही."

"नाही."

"आणि मी सही केली असती तर?"

"तुम्ही केली नसती," ती म्हणाली. "आईसाहेबांनी मला मी सोळा वर्षांची असताना सगळं सांगितलं होतं. सासरी कसं नांदावं याची शिकवण म्हणून. तुम्ही रडत होतात आणि माझ्या बाबासाहेबांनी, तुमच्याच भावानं, तुमचा हात धरून सही करवून घेतली. असला कागद वाचून त्यावर सही करणार नाही असं आपल्या घरात एकच माणूस आहे."

मला तिला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि मुस्काटात द्यावीशीही वाटली. महिनाभर मी या पोरीच्या मऊपणावर कुढत होते आणि ती मला पटावरच्या सोंगटीसारखी एकेक घर सरकवत होती. माझं आतलं, सगळ्यात झाकून ठेवलेलं, चार परक्या माणसांपुढे माझ्या तोंडून काढून घेतलं होतं. मला न विचारता.

"मला आधी सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही ठरवून बोलला असतात. त्यांना कळलं असतं."

हेही खरं होतं, म्हणून आणखीच चीड आली. मी पिशवी उचलली. ती वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो जरा जोरातच ठेवला गेला, आणि विमानात जाऊन बसले. मुंबईपर्यंत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. कालिंदीनं दोन वर्षं गप्प राहून गुरांच्या दवाखान्यातलं काम पुन्हा सुरू केलं. या वेळी विचारलं नाही. तिला दोन मुली झाल्या. अकरा वर्षांनी ती आणि आक्सेल वेगळे झाले, आरडाओरडा न करता. दोघांचीही चूक सांगता येणार नाही. मुली तिच्याजवळच राहिल्या, कारण त्या तिच्याजवळ राहू नयेत असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्या दर उन्हाळ्यात माझ्याकडे येत. दोघी मराठी बोलतात, जरा घोड्याशी बोलल्यासारखी.

त्या एप्रिलमध्ये मी घरी परतले तेव्हा वहिनीसाहेबांनी दार उघडलं आणि माझ्याशी न बोलता आत गेल्या. दादासाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात आरामखुर्चीत होते. झटक्यानंतर ते फार वाळले होते. मी समोर बसले. त्यांनी लग्नाची चौकशी केली. चर्च कसं होतं, थंडी किती होती, पोरीला काय नेसवलं होतं. मी सगळं सांगितलं. खांबाचंही सांगितलं. ते हसले नाहीत.

"माझी तार मिळाली होती?"

"मिळाली."

"तरी त्या कागदावर सही केली नाहीस."

"नाही, दादासाहेब."

ते अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे पाहू लागले. एक खार चढत-उतरत होती.

"तेव्हा," ते म्हणाले आणि थांबले. परत सुरुवात केली. "तेव्हा वकील म्हणाले, पुढे बघता येईल. मला वाटलं, तू तरुण आहेस. तुझं सगळं नव्यानं सुरू होईल. पोर तिकडं राहिलं तर तुला मोकळं होता येईल." "मी चुकलो का गं, शकू?"

"हो."

त्यांनी मान खाली घातली. "एकवीस वर्षं बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत."

आतून वहिनीसाहेबांच्या बांगड्या वाजल्या. त्या दाराआड उभ्या होत्या हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दादासाहेबांनी त्यांना हाक मारून फोन बाहेर आणायला सांगितला. लांब तारेचा तो काळा फोन त्यांनी दोन्ही हातांनी आणून तिपाईवर ठेवला आणि या वेळी आत गेल्या नाहीत.

"अजितचा इंदूरचा नंबर आहे तुझ्याकडे?" दादासाहेबांनी विचारलं.

माझ्या मुलाचा तो नंबर मला पाठ होता. एकदाही लावलेला नव्हता.

त्यांनी ऑपरेटरला अर्जंट कॉल मागितला. लाइन लागायला वेळ लागेल असं पलीकडून सांगितलं. आम्ही तिघं बसून राहिलो. फोनवर काय बोलायचं तेही कुणी ठरवलं नाही. पाऊण तासानं घंटा वाजली. दादासाहेबांनी रिसीव्हर उचलला, स्वतःच्या कानाला लावला नाही, आणि माझ्या हातात दिला.